भांडी गेलीत वडगावला

आक्का, आळीची भांडी दिली मी. मोडीत नाही घातली. माळावरच्या म्हातारीकडे दिली. पातेली, पराती, झारे, वाढायच्या बादल्या, सगळी, किल्लीसकट. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, घासून दिलीस का गं? दिली. दोन रविवार इंदापूरहून येऊन, चिंच लावून घासली. पाठ धरली माझी. पंचावन्न उलटल्यावर पातेल्यात वाकून शिरायचं वय राहत नाही, पण बाई लावून घासून घेतली असती तर तुझा चेहरा डोळ्यांपुढून हलला नसता. तसाही तो हलत नाही. तू जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि आज मी, तुझी लेक, तुला लिहायला बसले आहे, कारण त्या भांड्यांची एक गोष्ट फक्त तुला आणि मला माहीत आहे. तू ती घेऊन गेलीस. मी ती अजून कुणाला सांगितलेली नाही.

भांडी आली तेव्हा मी चौथीत होते. त्याआधी आळीत लग्न निघालं की बारामतीहून भाड्यानं भांडी आणायची, ती यायची काळी, पोचे पडलेली, कधी आदल्या लग्नाचा भात तळाला चिकटलेला. तुला त्याचा फार राग यायचा. मग तूच उठलीस आणि घरोघर फिरून मोड गोळा केलीस. कुणी गळका हंडा दिला, कुणी चेपलेला तांब्या, कुणी सासूच्या वेळचा पाय तुटलेला बंब. कासार ती मोड वजनात घेणार आणि त्या वजनावर आपल्याला मोठी भांडी देणार, असं ठरलं होतं. पोतं जवळजवळ भरलं तेव्हा माळावरची ती बाई आली. तिच्या नवऱ्यानं भावांना मेंढरं देऊन गावाच्या कडेला वाट्यानं जमीन करायला घेतली होती. भाऊ अजून दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, हे दोघं मात्र इथंच राहिले होते. तिनं पदराखालून पितळेची चरवी काढली. चांगली होती, कुठं गळत नव्हती. "आमीबी हाय म्हणा गावात," ती म्हणाली. तू दोन्ही हातांनी घेतलीस आणि पोत्यात टाकली नाहीस, ठेवलीस. हे मी पाहिलं आहे.

भांडी आली, त्यांच्यावर घराघराची नावं घातली गेली, ठिपक्याठिपक्यांची. नावांची यादी देवळात बसून पुरुषांनी केली होती आणि तीत माळावरचं नाव नव्हतं. तू विचारलंस, तेव्हा आळीतल्या थोरल्या तात्यांनी तुला सांगितलं, "आळीची भांडी हायत, आळीचीच नावं येणार." किल्ली मात्र तुझ्याकडे आली, आणि मग तुझं राज्य सुरू झालं. मोजून न्यायची, मोजून आणायची. घासल्याशिवाय उंबऱ्याच्या आत नाही. आणि मोठं पातेलं रिकामं परत करायचं नाही, तळाला मूठभर बुंदी तरी हवी. त्या बुंदीसाठी मी लग्नांची वाट पाहायची. वर्षाआड कल्हई व्हायची, आणि कल्हईवाला तुझ्या धाकानं तळसुद्धा दोनदा पुसायचा.

मी आता अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते, हे तुला माहीत आहेच. फळ्यावर चार शब्द लिहिते, देवाणघेवाण, बलुतं, बाजार, सहकार, आणि मध्ये बाण काढते. बाण काढले की सगळं आपोआप झाल्यासारखं दिसतं. मुलं झोपायला लागली की मी आळीच्या भांड्यांची गोष्ट काढते. एकट्या घराला न झेपणारी वस्तू सगळ्यांनी मिळून कशी घेतली, कुणी चोरली नाही, कुणी फोडली नाही, कुठं नोंदणी नाही की शिक्का नाही, आणि एवढं सगळं एका बाईच्या कमरेच्या किल्लीवर चाललं. मुलांना आवडतं ते. गेल्या वर्षी कळंबहून येणाऱ्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, आणि ज्यांना भांडी मिळायची नाहीत, त्यांचं काय?" एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, होती एक बाई तशी. ती भांडी मागायला आली होती, आणि माझ्या आईनं आतून मान हलवून नाही म्हणायला सांगितलं. मुलीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी तुला तिच्या वहीत घातलं, आक्का. आणि ते खोटं आहे.

खरं असं घडलं. दुपार आहे. मी बारामतीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, ओसरीवर पुस्तक घेऊन बसले आहे. तू माजघरात ज्वारी निवडते आहेस. ती दारात येऊन उभी राहते, हातात नारळ. चारपाच मेंढरं अजून होती तिच्याकडे, आणि तिच्या अंगाला त्यांचा वास होता, आणि मला तो वास नको होता, हे सरळ लिहून टाकते. "आक्का हायत का?" ती विचारते. "पोरीचं लगीन धरलंय. दोन पातेली आन् येक परात मिळाली तर लई बरं हुईल." आदल्या संध्याकाळी आळीतल्या बायका आपल्या अंगणात बसून म्हणाल्या होत्या, त्या माळावरच्यांना देऊ नका, त्यांचं काय, दिवाळी झाली की कोकणाच्या वाटंला, मागनं भांडी कुठनं आणायची? तू तेव्हा हो म्हणाली नव्हतीस की नाही. मला वाटलं, मला सगळं कळतं. मला वाटलं, तुझ्यावरचा अवघड प्रसंग मी टाळते आहे. मी पुस्तकातून नीट मानही वर न करता म्हटलं, "भांडी न्हाईत. भांडी गेलीत वडगावला."

आणि आत पितळ वाजलं. झारा परातीत पडला असावा. तो आवाज तुला माहीत आहे, लगेच थांबत नाही तो, घरभर फिरून येतो. ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. आवाज थांबला. मग ती म्हणाली, "बरं हाय. आली म्हंजी निरोप धाडा," आणि नारळ तसाच हातात घेऊन पायऱ्या उतरली. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या कडेवर मोठं पातेलं होतं. तिचा आवाज ऐकून तू उठली होतीस. न विचारता उठली होतीस. भांडी काढताना झारा पडला होता.

"कुणी सांगितलं तुला?" तू म्हणालीस. मी म्हटलं, काल बायका म्हणत होत्या की. "बायका म्हणल्या. मी म्हणले व्हते का?" तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं, ओरडणं विसरता येतं. मी रडवेली होऊन म्हटलं, मग बोलाव ना तिला, ती बघ कोपऱ्यावर दिसतेय अजून. तू उंबऱ्यात उभी राहिलीस, पातेलं कडेवर घेऊन. तुला हाक मारायची होती. "आता हाक मारली तर माजी लेक खोटी ठरती," एवढं म्हणालीस आणि आत गेलीस. माळावरच्या लग्नात तेलाच्या डब्यांत भात शिजवल्याचं नंतर कानावर आलं.

त्यानंतर ती आळीतून जायची बंद झाली. कालव्याच्या कडेनं लांबचा फेरा घालून बाजाराला जायची. तिच्या लेखी नाही म्हणणारी तू होतीस, आणि तू ते तसंच राहू दिलंस. माझ्या लग्नात मात्र तू आळीची भांडी काढली नाहीस. आळी रुसली, तात्या चिडले, आणि तू सांगवीहून भाड्याची भांडी आणवलीस. "माझ्या पोरीच्या लग्नाला ती नगंत," म्हणालीस. मी तेव्हा तुला हट्टी म्हटलं होतं. सासरी गेल्यावर, एकटीनं पहिल्यांदा भात लावताना, माळावरचा तेलाच्या डब्यांतला भात आठवला आणि तुझं कारण माझ्या लक्षात आलं, आणि मग त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. तू गेलीस तेव्हा ती आली होती. अंगणाबाहेर उभी राहून हात जोडून गेली. मी तिला पाहिलं आणि पाणी आणायचं निमित्त करून आत गेले.

आता आळीत कुणी नाही. एकेक घराला कुलूप लागलं, मुलं पुण्याला, एक तर पार परदेशात, लग्नं मंगल कार्यालयात होतात आणि जेवण केटररचं असतं. कुणाला भांडी लागत नाहीत. ज्यांचा उद्या भरवशाचा होता ते सगळे गेले, मीसुद्धा गेले, आणि उद्या कोकणात जातील म्हणून ज्यांना पातेलं मिळालं नव्हतं, ते तेवढे तिथं आहेत. त्यांचा ऊस आहे, गाई आहेत, चार खोल्यांचं घर आहे. आमच्या त्या कारणात खरं किती होतं आणि सोयीचं किती, हे मी फार खरवडून पाहिलं आहे. सोयीचंच जास्त निघतं. घर बंद झाल्यापासून मी कधी कुलूप काढून आत गेले की माजघरात भरदुपारी पितळ वाजतं. उंदीर असतील. उंदरांना घाबरायचं माझं वय नाही. पण कॉलेजात शिपाई चहाचा ट्रे जरा जोरात ठेवतो, तेव्हाही मी दाराकडे बघते, नारळ घेऊन कुणी उभं आहे का ते.

म्हातारी आता ऐंशीच्या पुढं असेल. तिची नातसून बचत गट चालवते. भांडी न्यायला तीच पोरं घेऊन, टेम्पो घेऊन आली. मी तिला विचारलं, नियम काय करणार? तुझी लेक आहे मी, नियमाशिवाय भांडं हातातून सुटत नाही. ती म्हणाली, "आम्ही बसून ठरवलंय, मॅडम. किल्ली दरसाली दुसऱ्या घरात. आणि जो घासून माघारी आणंल त्याला भांडी. आळी, गाव, काय विचारायचं न्हाय." मी शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, आणि कुणी माघारी आणलीच नाहीत तर? ती हसली. "मग पुढच्या वेळंला न्हाय. पर पहिल्या वेळंला तर द्यावीच लागतील की." मी तीस वर्षं फळ्यावर बाण काढते आहे, आणि एवढं सोपं वाक्य मला कधी सुचलं नाही.

भांडी उतरवून घेताना म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं मोठ्या पातेल्याच्या काठावरून हात फिरवला, नावं वाचता येत नाहीत तिला, ठिपके चाचपले फक्त. मी म्हटलं, मावशी, यात तुमची चरवी आहे. "हाय तर," ती म्हणाली. मग मला जवळ बसवून घेतलं. "तुजी आई वाईट नव्हती गं. आळीच्या भ्यावानं न्हाय म्हणली ती. मी तवाच वळाकलं हुतं." बोलायची वेळ हीच होती. एक वाक्य होतं, आक्का. "आई नाही, मी." तोंडाशी आलं होतं. आणि मी म्हटलं, "व्हय मावशी." तिनं माझ्या हातावर हात ठेवला, मी तो ठेवू दिला, आणि परत येताना कालव्याच्या पुलावर गाडी थांबवून खूप रडले. ते तुझ्यासाठी नव्हतं. माझी मलाच शरम वाटत होती.

काल तिच्या नातीचं लग्न झालं. मांडवात आपली भांडी होती, हवं तर केटरर परवडला असता त्यांना, पण म्हातारी हटून बसली म्हणे. आज सकाळी नातू बाजाराला इंदापूरला आला आणि डबा देऊन गेला. बुंदी. "आज्जीनं सांगितलंय, मोठ्या पातेल्यातली हाय, आक्कांच्या फोटोम्होरं ठिवा. मनात काय ठिवलं न्हाय म्हणावं." तो घाईत होता, चहाही न घेता गेला.

डबा स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. तुझा फोटो पलीकडच्या खोलीत. बुंदी तुझ्यापुढं ठेवली की तू ती चूक केलीस असं मीच कबूल केल्यासारखं होईल, आणि तुला माफ केलं जाईल, जे तू केलंच नव्हतंस त्याबद्दल. हे पत्र तुला पाठवायची सोय नाही. पाठवायचं तर तिला हवं, आणि तिला वाचता येत नाही. म्हणजे माळावर जाऊन, तिच्यासमोर बसून, माझ्याच तोंडानं ते वाचावं लागेल. येत्या रविवारी जाईन असं लिहिणार होते. पण तसं तुझ्या फोटोला माझं फार वेळा सांगून झालं आहे, म्हणून लिहीत नाही. बुंदी अजून तुझ्यापुढं ठेवलेली नाही. मूठभर खाल्ली मात्र सकाळी, ओट्याशी उभ्याउभ्याच, आणि गोड लागली.