तुळशीची बहीण

१२ फेब्रुवारी
लावली एकदाची! रोझमेरीची चाळीस रोपं. आमची लेक खुशी अमरावतीच्या हॉस्टेलात केसांना तिचंच पाणी लावते — तिच्या साऱ्या मैत्रिणीही. म्हटलं, आपण भाजीपाल्याची माणसं, ही का नको? अकोल्याचा रोपवाटिकावाला बजावून म्हणाला, "ताई, इले इसरलं तरी जगते. लाड केले का मेली!" आमचे हे, गजेंद्र, हसले. घरामागच्या वावराचा कोपरा दिला. जुलैपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तिथं दसऱ्याचा झेंडू.

३ मे
भावाचं लग्न उरकून तेल्हाऱ्याहून आले. बारा दिवस इकडे फिरकले नव्हते. पंचेचाळीसचं ऊन. वांगी करपलेली, कढीपत्त्यानंही मान टाकलेली. आणि ही बया हिरवीगार! थेंबभर पाणी नाही. पानांवरून हात फिरवला तर संध्याकाळपर्यंत वास गेला नाही, कापूर आणि ओवा एकत्र चुरल्यासारखा. मी तिथंच धुऱ्यावर, बांधाच्या मातीत बसून राहिले. कौतुक तरी किती करावं!

४ मे
सासूबाईंना हाताला धरून नेलं. "आई, ही तुळशीचीच बहीण. एकाच कुळातली." त्यांनी पान हुंगलं, पदर घेतला, हात जोडले. "मंग देवीच हाय ना वो!"
फार बरं वाटलं मला.

२ जून
शेंडे काळे पडताहेत. पाऊस नाही, पाणी नाही. मग काहून?

९ जून
सहा गेली. उपटून पाहिली तर मुळं सडकी. माती ओली!

१० जून
सापडलं.
आज लवकर उठले. पाहते तर सासूबाई न्हाऊन, तांब्या घेऊन वाफ्यात. एकेका रोपाला अख्खा तांब्या, मग नमस्कार. महिनाभर रोज! आपली काळी माती, एकदा प्यालेलं पाणी सोडते थोडीच. मी ओरडलेच — "आई, तुम्ही मारली तिला!"
त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुळशीची बहीन तूच म्हनली ना वो. मंग तहानली ठेवू काय तिले?"
चूक माझीच. लाडाचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पण तोंडून गेलं ते गेलं. दिवसभर त्या जेवल्या नाहीत.

२८ जून
अकरा उरली. मुरूम टाकून उंच वाफ्यावर घेतली. पावसातही नवे फुटवे! काय चिवट जीव आहे!
सासूबाई त्या बाजूला जात नाहीत. माझ्याशी बोलतही नाहीत.

९ जुलै
गजेंद्र म्हणाले, "अकरा काड्यांसाठी कोपरा अडवू नको. उद्या ट्रॅक्टर येऊन राहिला." जुलैचं मीच कबूल केलं होतं. भाकरी थापता थापता रडले.

१० जुलै
ट्रॅक्टर आला तेव्हा सासूबाई वाफ्यासमोर चिखलात मांडी घालून बसल्या होत्या. "ऊठ ना माय!" करून गजेंद्र थकले.
"पयले माया अंगावरून ने. मंग त्यायच्यावरून."
ट्रॅक्टर परत गेला. मी हात द्यायला वाकले, तर माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "पानी नाही टाकलं वो म्या."