राजाचं शहाणं भांडं

राजापेठ, अमरावती
४ जानेवारी २०२५

तीर्थरूप मोठेबाबा यांस,
आचलचा शि. सा. नमस्कार वि. वि.

सोबतच्या खोक्यातलं भांडं मोठ्या आईने पोहे भिजवायला घेऊ नये. ते आपल्या राजासाठी आहे आणि शहाणं आहे. तुम्ही 'राजा' अशी हाक मारली की झाकण उघडतं, मोजून मूठभर खाणं पडतं, झाकण मिटतं. कुत्रं अरबटचरबट खात नाही आणि सुटत नाही. डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प हाच.

भांडं खऱ्या घरात वापरायचं, वापरणाऱ्याने अनुभव स्वतःच्या अक्षरात कळवायचा आणि मार्चात परीक्षेला कुत्र्याला घेऊन यायचं, असा कॉलेजचा नियम आहे. म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर तुम्ही बोलता आणि मी नुसती हूं हूं करते. इथे मलाही बोलायला मिळतं.

बाबा तुमचेच धाकटे भाऊ, तुम्हाला काय सांगायचं! कुत्र्याची ताटली बनवायला एवढी फी भरली काय, असं विचारून झालं आहे. यंदा नापास झाले तर तिवस्याला परत येऊन बियाण्याच्या दुकानात बसायचं, हेही ठरलं आहे. तेव्हा माझी सगळी भिस्त राजावर.

लोभ आहेच, तो थोडा राजाच्या वाटचाही मला द्यावा.
आपली,
आचल

अकोला
१९ जानेवारी २०२५

चि. आचल हिस अनेक आशीर्वाद.

यंत्र उत्तम आहे. सगळी गल्ली पाहून गेली. संध्याकाळी ओट्यावर श्यामराव आणि मंडळी जमतात, तेव्हा दुसरा विषयच नसतो. काय जमाना आला राजेहो, असं श्यामराव दहादा म्हणाले आणि मीही त्यांना तेच म्हणालो.

राजा अंगाने भरला आहे. तेज आलं आहे. पूर्वी जिना धडाधडा चढायचा, आता पायरीशी थांबून विचार करतो. समज आली आहे. खाण्याची पिशवी मात्र लवकर संपते, ती तेवढी पाठव. विपुलची माय तुझी आठवण काढते.

अभ्यास कर, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझे मोठेबाबा,
वामनराव

अकोला
२१ जानेवारी २०२५

चि. आचल हिस आशीर्वाद.

यांनी काय लिहिलं ते मी वाचलं आहे. बाई, राजाला तेज नाही, पोट आलं आहे. डॉक्टरांनी हात लावून किती महिने झाले असं विचारलं. नर आहे म्हटल्यावर बिचारे खुर्चीत बसले.

तुझ्या भांड्याला 'राजा' आणि 'राजेहो' यातला फरक कळत नाही. आणि हे तर राजेहोशिवाय शिंकतही नाहीत. 'काहून राजेहो', 'मले काय मालूम राजेहो', की उघडलं झाकण. चार माणसं बोलायला बसली की राजाचं लग्नाचं जेवण. आता तर तो फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याचं धोतर धरतो आणि ओट्यावर आणून बसवतो. हा ढोल घेऊन परीक्षेला आलो तर तुझं दुकान पक्कं समज. मला फार काळजी लागली आहे.

जपून राहा, आणि माझं हे पत्र यांना दाखवू नको.
तुझी मोठी आई

राजापेठ, अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मोठेबाबा यांस शि. सा. नमस्कार वि. वि.

२६ तारखेच्या रविवारी मी येऊन भांडं दिवसातून दोनदाच उघडेल असं करून गेले. आता कळतं की दोन्ही वेळचं खाणं सकाळी पेपरवाल्याशी गप्पा मारतानाच संपतं आणि संध्याकाळी तुम्ही राजाला चोरून पोळ्या चारता. म्हणजे हाकच बदलायला हवी.

तुमच्या तोंडून चुकूनही निघणार नाही असा शब्द मी खूप शोधला. शिव्या तर सगळ्यांत आधी बाद झाल्या. शेवटी एकच उरला. सोबतचं कार्ड श्यामकाकांकडून भांड्यात बसवून घ्या. यापुढे भांडं फक्त 'गोदा' या हाकेला उघडेल.

मोठ्या आईला तुम्ही नेहमी 'विपुलची माय' म्हणता. विपुलदादा व्हायच्या आधी काय म्हणायचे, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, खाकरायचे.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
आपली लाडकी,
आचल

अकोला
१२ फेब्रुवारी २०२५

चि. आचल हिस आशीर्वाद.

हा चावटपणा आहे. बायकोचं नाव घेऊन हाका मारायची आपल्या घरात रीत नाही, आणि ओट्यावर चार माणसांत तर नाहीच. तुझ्या बापाने, धर्मेंद्राने, तुला दुकानातच बसवायला हवं होतं.

तथापि तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून कळवतो की काम झालं आहे. राजा वेळेवर जेवतो, उतरतो आहे, आणि मी कोणाचंही नाव घेत नाही. कसं ते विचारू नये. बाजार समितीत नोकरी केलेल्या माणसाला वाट काढता येते. परीक्षेला राजाला घेऊन मी स्वतः येतो.

राग आहे, पण तो आशीर्वादाच्या आड येणार नाही.
वामनराव

ता. क. हे पत्र टाकायला मला दिलं, म्हणून लिहिते. 'गोदाम' म्हणतात बाई. शेजारी विचारतात, किती पोती आली? – मोठी आई

राजापेठ, अमरावती
९ मार्च २०२५

तीर्थरूप मोठ्या आईस सा. नमस्कार वि. वि.

मोठेबाबांनी घरी काय सांगितलं असेल कोण जाणे. झालं ते असं. हाक ऐकली की परीक्षक मिळतेजुळते शब्द मुद्दाम म्हणून पाहतात, म्हणून भांड्याला मी 'गोदा' आणि 'गोदाम' यातला फरक शिकवून ठेवला होता. मोठेबाबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते आलेच नसते.

परीक्षकांनी आधी इकडचेतिकडचे शब्द म्हणून पाहिले, भांडं गप्प. मग मोठेबाबा ऐटीत उभे राहिले आणि खणखणीत आवाजात 'गोदाम' म्हणाले. झाकण हललं नाही. पुन्हा म्हणाले. एका परीक्षकांनी गोदामाचा इथे काय संबंध असं विचारलं. मला बोलायची मनाई. राजा भांड्याकडे बघे, मग त्यांच्याकडे. परीक्षकांनी पेन उचललं तेव्हा आपल्या आगाऊपणाने आपणच बुडालो असं मला वाटलं.

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी काढली. मान खाली घातली आणि तुझं नाव घेतलं. मोठ्याने नाही गं, तू शेजारीच बसली असावीस इतक्या हळू. आणि झाकण उघडलं. हा शब्द कुठून आणला, असं परीक्षकांनी विचारलं, तर म्हणाले, 'घरचा हाय.'

मी पास झाले. आणि सगळ्यांसमोर रडले.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी,
आचल

अकोला
१७ मार्च २०२५

चि. आचल हिस पोटभर आशीर्वाद.

यांनी सांगितलं की यंत्र ऐन वेळी बिघडलं आणि यांनी दुरुस्त केलं. मी हो म्हटलं.

भांडं परत मागू नको. सकाळ-संध्याकाळ ओट्यावरून हाक येते. पहिल्या दिवशी मी पदराला हात पुसत धावत गेले, तर राजा जेवत होता आणि हे पेपरात तोंड घालून बसले होते. श्यामराव हसत होते. मला लाज वाटली आणि खूप बरंही वाटलं, तुझ्यापासून काय लपवायचं.

काल राजाला वजन करायला श्यामराव दवाखान्यात घेऊन गेले होते. भांडं मी घासून पालथं घातलं होतं. तरी हाक आली. सवयीने आली असेल म्हणून बाहेर जाऊन सांगितलं, राजा घरी नाही. तर म्हणाले, 'मालूम हाय मले. बैस.'

धर्मेंद्र भाऊजींना आमचा नमस्कार सांग, आणि आमच्याकडे येत राहा.
तुझी मोठी आई,
गोदा