बर्फाविरुद्ध एकमताने ठराव

जयगडच्या वाटेवरच्या आपल्या गावातून,
१४ ऑगस्ट १९८६

रा. रा. विठूभावोजी यांस सखाराम मास्तरांचा सप्रेम नमस्कार.

तुमची बोट डागडुजीसाठी गोव्याला लागल्याचं मथुरेकडून कळलं. दक्षिण ध्रुवाच्या थंडीत भटारखाना सांभाळून खोकला वाढला असेल, आल्याचा रस घेत जावा. इकडे ती, तुमची बायको (म्हणजे माझीच बहीण), खुशाल आहे. माझा डावा पाय तेवढा प्लास्टरात आहे आणि त्याला तुमचं पत्र कारण आहे, असं सरपंच केरूशेट म्हणतात.

मार्चमध्ये तुम्ही लिहिलं होतंत की, तुमच्या वाटेत समुद्रावरचा बर्फ यंदा कमी लागला. बोटीवरचे शास्त्रज्ञ साहेब म्हणाले, पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो. तो हटला की काळं पाणी ऊन पितं, वाऱ्यांच्या वाटा बदलतात आणि हजारो मैलांवर कुठेतरी पाऊस एकदम कोसळू शकतो. हे पत्र मी कौतुकाने चारचौघांत वाचून दाखवलं. तेवढं केलं नसतं तर बरं झालं असतं.

सत्तावीस जुलैला असा पाऊस लागला की शाळेतली पाऊस मोजायची बाटली दुपारपर्यंत दोनदा भरली. मी रॉकेलचा डबा घेऊन पऱ्याचा ओढा ओलांडायला नव्या सिमेंटच्या साकवावर होतो (उद्घाटनाचा हार अजून कठड्याला होता). साकव गेला, मीही गेलो. पुढे केतकीच्या जाळीत अडकलो. मासळी विकून परतणाऱ्या हौसाने छत्रीची मूठ माझ्या सदऱ्यात अडकवून मला ओढलं. ओढता ओढता तिला साकवाचा मोडका खांब दिसला. आत सळी नव्हती. शिंपले होते आणि एक बांबू होता.

साकव बांधला केरूशेटांच्या जावयाने. चौकशीला रत्नागिरीहून इंजिनियर आले, तेव्हा ग्रामसभेत केरूशेटांनी तुमचं पत्र काढलं (माझ्याकडून मागून नेलं होतं), 'पाऊस एकदम कोसळू शकतो' इथपर्यंत खणखणीत वाचलं आणि घडी घातली. दक्षिण ध्रुवाच्या बर्फाच्या निषेधाचा ठराव मंजूर झाला. पंधरा हात वर झाले. त्यातले अर्धे चहा आला म्हणून होते.

तेवढ्यात मथुरा उठली. "म्होरलं वाचा की."

"पुढे घरचंच आहे," केरूशेट म्हणाले.

तिने पत्र ओढून घेतलं आणि वाचलं: 'पण साहेब म्हणतात, एका सालावरून काही ठरत नाही. वीस-वीस वर्षं मोजावं लागतं. आत्ताच कोणी बर्फावर खापर फोडू नये.'

मथुरा इंजिनियरांकडे वळली. "माज्या घोवान बर्फाचं लिवलान. बांबूचं नाय लिवलान."

इंजिनियर हसले, मग खांब बघायला गेले आणि हसायचे थांबले. मलाही फार समाधान वाटलं. अन्यायाविरुद्ध असंच उभं राहायला हवं, असं मी खाटेवरूनच (मला खाटेसकट सभेत आणलं होतं) सर्वांना सांगितलं.

कळावे, लोभ असावा.
आपला,
सखाराम

ता. क. साकव पक्का झाल्याच्या दाखल्यावर पंच म्हणून माझी सही आहे. बांधकाम मी लांबून पाहिलं होतं (पाऊस होता). तरी बोटीवरच्या त्या साहेबांना गाठून, बर्फ फारच कमी झाला होता, असं शिक्क्यानिशी लिहून घ्यावं.

ता. क. २. मथुरेला कळू देऊ नये. पत्र तिच्याच हाती टपालात देतोय, पण पाकीट चांगलं चिकटवलं आहे.

अहो, खळ ओली होती. दादांची सही मी परवाच इंजिनियरांना दाखवली. साहेबांकडे शिक्का मागू नका, फक्त एवढं विचारा, असा पाऊस परत येईल काय? येणार असेल तर नव्या साकवाचे खांब किती उंच घ्यावेत? इंजिनियर थांबलेत. — मथुरा