रबरी अंगठा व त्याचा साचा जप्त करणेबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
संगणक सुरक्षा कक्ष,
उद्योग वसाहत कार्यालय.

विषय : अर्जदाराचा उजवा अंगठा (रबरी) साच्यासह जप्त करून नष्ट करणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस – "आपल्या अंगठ्याने झालेल्या प्रकाराचा खुलासा करावा, अन्यथा संगणकाचे काम करण्यास कायमची मनाई करण्यात येईल."

महोदय,

१. अर्जदार दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत संगणकांची देखभाल करीत असे. तेथे मालकांचा मॅक आहे, कारण तो टेबलावर शोभतो. हिशेबाला लिनक्स आहे, कारण तो फुकट मिळतो. काउंटरवरच्या ताईंकडे टॅबलेट आहे. दात कोरणाऱ्या यंत्राला एक जुनाट विंडोज जोडलेला असून ते यंत्र दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही, सबब त्या विंडोजला नवे काही शिकवायला कोणी जात नाही. या सर्वांचे पासवर्ड प्लास्टरच्या एका जबड्यावर, एकेका दातावर पेन्सिलीने लिहिलेले असत. बँकेचा अक्कलदाढेवर.

२. याबद्दल अर्जदाराने वारंवार तोंड उघडल्यावर मालक म्हणाले, "सगळ्यांना चालेल असं काहीतरी एकदाच करून टाक, रोज डोकं खाऊ नकोस." त्यानुसार अर्जदाराने अंगठ्याचा ठसा ओळखणारी, चारही संगणकांना चालणारी एक डबी आणली. कोणी काय केले याची नोंद त्या त्या अंगठ्याच्या नावे राहू लागली. जबडा धुऊन टाकला. अर्जदारास त्या दिवशी जेवण गोड लागले.

३. पुढे ताईंना रजा हवी झाली. तोंडांचे साचे घेण्यात हयात गेलेले आमचे ज्येष्ठ कारागीर कवळीकाका म्हणाले, "रजेवर खुशाल जा, अंगठा तेवढा ठेवून जा," आणि त्यांनी ताईंचा अंगठा साच्याच्या गुलाबी लगद्यात बुडवला. संध्याकाळी रबरी अंगठा तयार होता, नखासकट. मग सोय म्हणून सगळ्यांचेच झाले. अर्जदाराचा अंगठा "नखं किती वाढवलीस, बघू" असे म्हणून फसवून घेण्यात आला. हे सर्व अंगठे चहाच्या कपांशेजारी हुकांना लटकतात. चारही संगणकांवर पूर्ण अधिकार असलेला अंगठा फक्त अर्जदाराचा, त्यामुळे सर्वाधिक मागणी त्यालाच.

४. येथे एक गोष्ट नाइलाजाने लिहावी लागते. कोरडे रबर डबी ओळखत नाही. म्हणून जो तो अंगठ्याला थुंकी लावतो. मालकांचे मेहुणे तर तो सबंध तोंडात घालतात, व काम झाल्यावर त्यानेच कान खाजवतात. हे पाहून अर्जदार स्वतःचा खरा अंगठा दिवसभर साबणाने घासू लागला. त्यात रेघा झिजल्या. आपला ठसा डबीतून पुसून टाकावा म्हणून अर्जदाराने तिच्यावर बोट ठेवले, तर डबीने त्याला ओळखच दिली नाही. हुकावरच्याला हात लावण्याचे धैर्य झाले नाही.

५. नोटिशीतील प्रकार असा. मेहुण्यांना जुन्या विंडोजवर फुकटात सिनेमा पाहायचा होता. संगणकाने अधिकारी व्यक्तीची परवानगी मागितली. मेहुण्यांनी अधिकारी व्यक्ती हुकावरून काढली, ओली केली व दाबली. सिनेमा आला नाही, व्हायरस आला. सामायिक फोल्डरमधल्या सर्व जबड्यांच्या मापांवरची गिऱ्हाइकांची नावे एकमेकांत मिसळली, आणि मालकांच्या सासूबाईंना एका पहिलवानाची कवळी बसली. तोंड मिटत नसल्याने त्या आता सतत हसऱ्या दिसतात. त्या वेळी अर्जदार दवाखान्यात दाढ काढून घेत होता, दाखला जोडला आहे. मालक म्हणाले, "तू नव्हतास, मान्य. पण अंगठा तुझाच ना?" आपल्या कक्षानेही तेच धरले.

६. अर्जदाराने राजीनामा दिला. मालक म्हणाले, "तू जा रे, तुझ्यावाचून अडत नाही. अंगठा राहू दे." ठसा पुसण्यासाठी डबी मागितली असता, "तू आता बाहेरचा माणूस, सुरक्षेचा प्रश्न आहे," असे उत्तर मिळाले. अंगठा मात्र रोज हजेरी लावतो. नव्या आलेल्या बाईंना त्याची ओळख "हे आमचे संगणकवाले" अशी करून देण्यात आली. त्याने उद्या काय केले तरी नाव अर्जदाराचे लागणार, आणि अर्जदारास दुसरे कोणतेही काम येत नाही. नुसता अंगठा पळवून उपयोग नाही, साचा काकांपाशी आहे.

७. आपल्या कक्षाच्या खिडकीवर ठशाशिवाय अर्ज घेत नाहीत. तेथील यंत्राने अर्जदाराचा खरा अंगठा तीनदा नाकारला. सबब अर्जदार कार्यशाळेत जाऊन हुकावरचा अंगठा मागून घेऊन आला. काका म्हणाले, "लवकर आण, त्याला कामं आहेत." खिडकीपाशी तो कोरडा पडला होता. अर्जदाराने इकडेतिकडे पाहिले, डोळे मिटले आणि जे सगळे करतात तेच केले. यंत्राने तत्काळ ओळख दिली, व हा परिच्छेद खिडकीपाशीच उभ्याने लिहून अर्ज आत सरकवीत आहे.

उत्तर लवकर द्यावे. ते शक्य नसल्यास निदान पाणी द्यावे, अर्जदार खिडकीबाहेर थुंकत उभा आहे.

आपला नम्र,
(सही, डाव्या हाताची)
माजी संगणक देखभालनीस

दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत :
१. दाढ काढल्याचा दाखला.
२. अंगठा. चिमट्याने उचलावा. काका न्यायला आल्यास देऊ नये.