सुरेखाच्या फॉर्ममागचा नकाशा

शनिवार, संध्याकाळ

सुरेखाच्या अकरावीच्या फॉर्मवर मीच पेन्सिलीनं 'विज्ञान' लिहून ठेवलं होतं. मार्क बघून! तिला विचारलं कुठे? आज तिनं तो फॉर्म उलटा करून दाखवला. मागे नकाशा! तिच्या घरची माणसं दरवर्षी मेंढरं घेऊन माणदेशातून कोकणात उतरतात, ती सगळी वाट, एकेका पाणवठ्यासकट. म्हणाली, "बाई, मला भूगोल शिकायचाय."

तिचे वडीलही सोबत आले होते. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. ते नकाशावर वाकले, एका जागी बोट ठेवलं. "ह्या हिरीचं पाणी आटलं गं, दोन वर्सं झाली." मग मला म्हणाले, "आवं बाई, हे शिकवत्यात व्हय कालिजात?"

मी हो म्हटलं. 'विज्ञान' खोडून टाकलं. काय नकाशा काढलाय पोरीनं! लेकीच्या हातचं त्यांनी आज पहिल्यांदाच वाचलं.