पुलावरच्या बाईला बोलावणं

३ तारीख, सोमवार
पोचले एकदाची नातीकडं. खिडकीपाशी माझी खाट, शेजारी नातीचं टेबल. नातीला मी खार म्हणते, लहानपणापासून सारखं काहीतरी कुरतडत असते. मास्तरीण झाली तरी पेन्सिल सोडत नाही. कॉलेजात सिनेमाचा इतिहास शिकवते. म्हटलं, त्यात शिकवायचं काय, तिकीट काढायचं न बघायचं. हसली, म्हणाली, आजी, तूच चल माझ्याबरोबर कामाला. मी काय, एका पायावर तयार. ही वहीही तिचीच. म्हणाली, लिहीत जा, अक्षर सुधारेल.

५ तारीख
जुन्या सिनेमांचं संग्रहालय म्हणजे थंडगार तळघर, भिंतभर पत्र्याचे डबे. आत शंभर वर्षांपूर्वीच्या मुक्या फिती. वर्गात दाखवायला त्यातल्या कुठल्या घ्यायच्या ते खारीनं ठरवायचंय. तिची रीत अशी: मला शेजारी बसवायचं. जी फीत कोणी न सांगता मला समजली ती ठेवायची, जिथं मी जांभई दिली ती बाद. माझ्या जांभईला एवढी किंमत आमच्या ह्यांनी कधी दिली नाही. एक जाड्या टोपीमागं धावत हौदात पडला, हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

७ तारीख
आज पुलाची फीत. नुसती माणसं पुलावरून येतात, तुरुतुरु. जुन्या फितींत सगळे तसेच चालतात. मधेच एक बाई, काखेत बोचकं, थांबून थेट आपल्याकडं बघते. फार दमलेली वाटली. माझी आपली सवय, ओळख असो नसो, बोलून गेले, या की बाई घरी, टेका जरा. फिती लावणारा मशीनवाला म्हणाला, आजी, त्यांना ऐकू जात नाही हो. खार हसून लोटपोट. फीत ठेवली.

१० तारीख
वर्गाआधी तपासायला पुलाची फीत पुन्हा लावली. बाई नाही. माणसं तिच्या जागेला वळसा घालून जातात, मधे तेवढंच मोकळं. मशीनवाला म्हणाला, डबा बदलला असेल. पण डब्याला तोच पोचा होता, मागच्या खेपेला मीच त्यावरून बोट फिरवलं होतं. खारीचा घसा बसलाय. गरम पाणी दिलं.

१२ तारीख
घसा बसला नाही, आवाजच गेलाय. ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. डॉक्टर म्हणतात, घसा स्वच्छ आहे. तिचा तांबडा स्वेटर राखाडी दिसतो. माझे डोळे गेले म्हणावं, तर टेबलावरची तांबडी बरणी तांबडीच आहे. आणि चालते कशी— तुरुतुरु.

१३ तारीख
सकाळी उठून तोंड धुऊन आले. खार घरात नाही. माझ्या खाटेवर ती बाई टेकलेली. बोचकं नाही.
विचारलं, माझी नात कुठं आहे. म्हणाली, तुम्हीच तर बोलावलंत.
खारीच्या आवाजात म्हणाली.

१४ तारीख
तळघर. मशीनवाल्याच्या हातापाया पडले. लावली त्यानं. मोकळी जागा भरलीय. खार— पुलावर, काखेत बोचकं. ओरडतेय. आवाज नाही, पण ओठ ओळखते मी, लहानपणी तापात ओरडायची तशी, आजी, आजी. माणसं ढकलतात तिला— संपली फीत.

१५ तारीख
कळलं. बोलावलं की येतात. पण जागा रिकामी ठेवत नाहीत, आपल्या घरातलंच कोणीतरी—
वही मांडीवर आहे. मशीन सुरू झालं. पूल. माणसं. आली माझी खार. म्हटलं, ये बाळा, घरी ये, आजीजवळ.
मान हलवतेय, नको नको. ऐकते थोडीच मी. ये म्हटलं ना.

शाल हिरवी होती माझी— मशीनची घरघर थांबली का— नाही, चाक फिरतंय.

शेजारच्या खुर्चीत तांबडा स्वेटर. तांबडा. आली. तोंड हलतंय तिचं, ऐकू येत नाही, पण आली. हात धरून ओढतेय मला. पेन्सिल कुरतड गं, रडू नको. हात भराभर चाललाय, आवरत नाही— पायाखाली फळ्या— काखेत काहीतरी जड