पान दोनशे चौदा

शुक्रवार, ३ मे

प्रबंध ठोकला. अकरा वर्षांचं काम विभागाच्या लाकडी फळीवर, एका खिळ्यात. हातोडीचा पहिला घाव अंगठ्यावर बसला, पण तेवढं चालायचंच. आता रिवाजाप्रमाणे तीन आठवडे प्रबंध तिथे लटकणार. कुणीही यावं, वाचावं, चुका काढाव्यात. मला मात्र एक अक्षर बदलता येत नाही. २४ तारखेला भरसभेत परीक्षा. नाव 'चाळीस मिनिटं: दुधाचा ओटा आणि गावगप्पा'. शेतकरी दुधाचे कॅन रस्त्याकडेच्या लाकडी ओट्यावर आणून ठेवत आणि डेअरीचा ट्रक येईपर्यंत रोज चाळीस मिनिटं गप्पा मारत. त्या ओट्यावर अख्ख्या स्वीडनमध्ये माझ्याइतका अधिकार कुणाचा नाही. ऑगस्टपासून लेक्चररची कायम नोकरी मिळणार आहे. फक्त पास व्हायचं.

हिरवा, बदामाच्या मार्झिपानचा केक होता. लायब्ररीतली गुनवोर केक खाता खाता म्हणाली, काय रे टॉर्गनी, ते ब्रूदीनचं १९३८ चं पुस्तक तुला मिळालं तरी कुठे? आमच्याकडे तर नाही. मी म्हणालो, उमेओच्या लायब्ररीत. ती म्हणाली, अस्सं. तिच्या त्या 'अस्सं'मध्ये काहीही नव्हतं. मला केक संपवता आला नाही.

शनिवार, ४ मे. सकाळी ५.४०

जागा आहे. शांतपणे विचार केला. चाळीस मिनिटांचा आकडा ब्रूदीन, १९३८, पान २१४ वरचा. ब्रूदीन मी पाहिलेला नाही. एका जाडजूड ग्रंथाच्या तळटीपेत तो होता, तिथून उचलला. 'अमक्या ग्रंथात दिल्याप्रमाणे' असं लिहायला हवं होतं, पण तसं लिहिलं की माणूस आळशी दिसतो. सगळेच असं करतात. शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलांना संदर्भ कसे द्यावेत हे मीच शिकवतो आणि 'जे वाचलं नाही त्याचा संदर्भ देऊ नये' हे माझ्या तिसऱ्याच स्लाइडवर लाल अक्षरांत आहे. म्हणजे नियम मला माहीत आहे. अज्ञानाचा आरोप माझ्यावर कुणी करूच शकत नाही.

संकल्प: एकूण संदर्भ ३१२. दिवस वीस. रोज सोळा संदर्भ मुळातून वाचायचे. आजपासूनच.

रविवार, ५ मे

वाचलेले संदर्भ: दोन. त्यातला एक नकाशा.

मंगळवार, ७ मे

गुनवोरकडे गेलो. ब्रूदीन उमेओहून मागवून दे म्हणालो, पुन्हा एकदा नजर टाकीन म्हणतो. ती म्हणाली, पुन्हा एकदा, हो का? 'पुन्हा'वर जोर दिला, मी स्वतः ऐकलं. घरी यिल्वाला सांगितलं. बायको म्हणून तिने धीर द्यायला हवा होता. म्हणाली, तुला हल्ली फ्रिजसुद्धा टोमणे मारतोय असं वाटतं.

फ्रिजचा आवाज बदललाय हे मात्र खरं आहे.

गुरुवार, ९ मे

ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. उद्या मधला दिवस म्हणून लायब्ररी बंद, मग शनिवार-रविवार. चार दिवस कुणालाही काही शोधता येणार नाही. फार बरं वाटलं. जेवल्यावर लक्षात आलं की मलाही शोधता येणार नाही. छातीत धडधड सुरू झाली. कॉफी कायमची बंद.

दुपारी ३.००. कॉफी घेतली. दालचिनीचा बन नुसता घशाखाली उतरत नाही.

सोमवार, १३ मे

ब्रूदीन आला. पुस्तक नाही, पुस्तिका आहे. पानं चौसष्ट.

तीनदा मोजली. मागची पितळी बंबांची जाहिरात धरली तर पासष्ट. विषय: दुधाचे कॅन कसे धुवावेत. गप्पांबद्दल अक्षर नाही. चाळीस हा आकडा एकदाच येतो, कॅन धुवायचं पाणी चाळीस अंश गरम असावं म्हणून. गुनवोर लांबून बघत होती. मी मधूनमधून मान डोलावून नोंदी घेतल्या. वहीत नुसत्या रेघा आहेत.

मंगळवार, १४ मे

भीती गेली, संताप आला. दोष माझा नाहीच! ज्या ग्रंथातून मी उचललं त्याच्या लेखकाने हे कधी वाचलं नव्हतं. लाज वाटायला हवी असल्या लोकांना. संकल्प: मुळापर्यंत जायचं, खोटं कुणी घुसडलं ते शोधायचं आणि २४ तारखेला भरसभेत नाव जाहीर करायचं. उलटतपासणी घ्यायला बोलावलेला विरोधकच गार पडेल.

दुपारपर्यंत धागा लागला. ग्रंथकाराने २०१२ च्या एका लेखातून उचललंय, लेखकाने २००९ च्या एका संग्रहालयाच्या वार्षिकातून. वार्षिक उद्या मिळेल. चोर एका हाताच्या अंतरावर आहे.

बुधवार, १५ मे

वार्षिकातली तळटीप जशीच्या तशी: 'ब्रूदीन, १९३८, पान २१४. आधार: टॉर्गनी विकांदेर, पदवीचा निबंध, २००३, टीप ३१.'

टॉर्गनी विकांदेर म्हणजे मी.

संध्याकाळी ६.००. आठवलं. तेवीस वर्षांचा होतो. चाळीस मिनिटं आजोबांनी सांगितली होती, आईच्या वडिलांनी. रोज ओट्यावर चाळीस मिनिटं बसायचो रे, घरी बायको बोलत नव्हती, म्हणून तिथे बोलून घ्यायचो, असं म्हणाले होते. निबंधात तसंच लिहिलं, तर सर म्हणाले, आजोबा हा काय संदर्भ झाला? छापील काहीतरी आण. लायब्ररीच्या कार्डावर ब्रूदीन दिसला. पान मनाने घातलं. २१४ हा आकडा फार विश्वासू वाटला होता. आजोबांचं नाव खोडताना मला जराही वाईट वाटलं नव्हतं. आज वाटतंय.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. वार्षिकात माझं नाव होतं. पुढच्या लेखकाने ते गाळून थेट ब्रूदीन वाचल्याचा आव आणला. ही शुद्ध चोरी आहे.

शुक्रवार, १७ मे

गाइडला सगळं सांगायचं ठरवून गेलो. स्तेलान जूनमध्ये रिटायर होतोय, खोक्यांत पुस्तकं भरत होता. मी म्हणालो, तळटीपांबद्दल जरा बोलायचं होतं. तो म्हणाला, अरे, कसल्या तळटीपा घेऊन बसलास! तळटीपा वाचतं कोण? मी तरी कुठे वाचल्यात तुझ्या? मग विरोधक म्हणून नॉर्वेतल्या बर्गनहून सिसेल हाउगन येणार आहेत त्यांच्याबद्दल बोलला. बाई फार कडक, मागे एकाला विचारलं, हे पान तुम्ही पाहिलंय का, आणि तो तिथेच रडला. पण तुला काय घाबरायचं, म्हणाला.

खोकी उचलू लागलो. सांगायचं राहून गेलं. त्याची पाठ दुखत होती, अशा वेळी बोलणं बरं दिसलं नसतं.

रविवार, १९ मे

यिल्वाला सांगितलं. ती खूप हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, प्रबंधात दुरुस्तीची चिठ्ठी घालता येते ना? दोन ओळी लिही. आकडा आजोबांनी सांगितला, ब्रूदीनमध्ये नाही. मी म्हणालो, अगं, नावातच चाळीस मिनिटं आहेत, चौथं प्रकरण त्यावर उभं आहे, दोन ओळींत अख्खा ओटा कोसळेल. नोकरीही जाईल. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कोण घेणार? ती म्हणाली, मग भित्रा म्हणूनच डॉक्टर हो.

हे तिने फार हळू आवाजात म्हटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, २२ मे

चिठ्ठी लिहिली! मसुदा सातवा. 'पान ८८, टीप ३१२: ब्रूदीनऐवजी लेखकाच्या आजोबांचं तोंडी निवेदन वाचावं.' साधं, सरळ, मर्दानी. उद्या सकाळी आठ वाजता छापून प्रत्येक प्रतीत घालणार. एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच नीट जेवलो. उकडलेले बटाटे आणि हेरिंग मासा, दोनदा वाढून घेतलं.

गुरुवार, २३ मे

प्रिंटर बिघडलेला. दुसरा तिसऱ्या मजल्यावर आहे, पण तिथे गुनवोर होती. त्यापेक्षा उद्या तोंडीच सांगावं. तोंडी निवेदनाबद्दल तोंडी निवेदन. त्यात एक सौंदर्य आहे.

शुक्रवार, २४ मे. सकाळी ७.१५

दोनदा उलटी. शर्ट बदलला. भाषण पाठ आहे: 'सुरुवात करण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे.' याच वाक्याने सुरुवात करायची.

सकाळी ११.३०. समिती बंद दाराआड बसली आहे. मी स्वच्छतागृहात बसून लिहितो आहे.

सुरुवातीला सगळ्यांना सुप्रभात म्हणालो. ते वाक्य पुढे पहिल्या विश्रांतीनंतर म्हणणार होतो, पण विश्रांतीच नव्हती. दीड तास बाई ओट्याच्या लाकडाबद्दल बोलल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, आता पान अठ्ठ्याऐंशी, शेवटची तळटीप. मला समोरचं काही दिसेना. बाई म्हणाल्या, ब्रूदीन, दोनशे चौदा. हे पान तुम्ही पाहिलंय का?

सभागृहात यिल्वा माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, हो.

बाईंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, मीसुद्धा! विद्यार्थी असताना वाचलं होतं. काय पान आहे हो, अजून डोळ्यांसमोर आहे. मी म्हणालो, हो, मलाही फार भिडलं होतं. त्या सभेकडे वळून म्हणाल्या, मुळाशी जाऊन संदर्भ बघणारी माणसं आता उरली नाहीत. लोकांनी माना डोलावल्या.

दुपारी १२.१०. पास. एकमताने.

शनिवार, २५ मे

काल रात्रीची मेजवानी छान झाली. यिल्वा लवकर घरी गेली, डोकं दुखत होतं म्हणाली. आज अजून बोललेली नाही. पण आता नोकरी पक्की, हळूहळू निवळेल. पहिलं लेक्चर 'संदर्भ आणि प्रामाणिकपणा' यावर ठेवणार. अनुभवाचे बोल असतील.

रविवार, २६ मे. सकाळी ९.२०

सिसेल हाउगन यांचा ईमेल. पाचही नॉर्डिक देशांत लावणार असलेलं पाठ्यपुस्तक लिहितायत. 'मूळ संदर्भ कसा वाचावा' या प्रकरणात नमुना म्हणून ब्रूदीनचं पान २१४ पूर्ण छापायचं आहे, खाली माझ्या नावासकट. त्यांची प्रत कुठेतरी हरवली. तुमच्याकडे आहेच, तर स्वच्छ फोटो काढून शुक्रवारपर्यंत पाठवाल का?

सकाळी ११.००. उत्तर पाठवलं: आनंदाने.